सारख्या अंगाचा माणूस

देशाच्या पालकाच्या अंगाला टेप, टाचणी किंवा कात्री लावायची नाही, असा नियम होता. तो कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणूनच सगळे तो पाळत. झालं होतं ते एवढंच, की कच्च्या शिलाईचा कोट त्याच्या अंगावर चढवून बघताना आत एक टाचणी राहून गेली आणि ती देशाच्या तारणहाराला बरगडीत टोचली. तारणहार केवढ्याने तरी ओरडला म्हणे. त्याच दुपारी सरकारी शिवणखात्यातल्या कटिंग मास्टरला कोणीतरी ‘जरा बाहेर या’ म्हणून बोलावलं, आणि तो गेला तो गेलाच. त्याचा चष्मा टेबलावर राहिला. खात्याच्या साहेबाने तो उचलून ड्रॉवरमध्ये टाकला आणि त्या टेबलावर मदतनीस बाईला उभं केलं. तेव्हापासून तिला सगळे मास्टरबाई म्हणू लागले.

या साहेबाचं खरं नाव काय होतं ते त्याच्या बायकोला ठाऊक असेल. खात्यात त्याला होयबा म्हणत, अर्थात त्याच्या पाठीमागे. त्याला पाठीचा कणा नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. कणा होता, पण तो ज्या बाजूला खुर्ची असेल त्या बाजूला वाकत असे.

आता अंगाला हात न लावता कोट शिवायचा कसा? होयबाने शक्कल काढली. सारख्या अंगाचा माणूस शोधायचा, कोट त्याच्या अंगावर बेतायचा आणि तयार झाला की महालात पाठवायचा. शोधायला लांब जावं लागलं नाही. खात्यात इस्त्री करणारा एक शांत गृहस्थ होता. तीच उंची, तीच छाती, डावा खांदा तसाच किंचित उतरलेला. याचा खांदा उतरला होता वर्षानुवर्षं जड इस्त्री ओढून. पालकाचा कशाने उतरला होता हे विचारायची कोणाची छाती नव्हती. हा गृहस्थ मास्टरबाईंचा नवरा निघाला, हे त्या घराचं दुर्दैव. त्यांच्या हातातली इस्त्री काढून घेतली गेली, त्यांना रोज लाकडी चौथऱ्यावर उभं केलं गेलं, आणि गल्लीत त्यांचं नाव पडलं मापराव.

तसा हा पालक आला होता सहा महिन्यांसाठी. आधीच्या सरकारात रोजची भांडणं होती, संप होते, महागाई होती, आणि एका सकाळी रेडिओवर एक बसका आवाज म्हणाला, की घरात भांडणं झाली की कोणातरी वडीलधाऱ्याला मध्ये पडावं लागतं. सगळं सुरळीत झालं की मी माझा माझ्या घरी जाईन. लोकांना बरं वाटलं. लोकांना नेहमीच बरं वाटतं. स्वतःची घडी स्वतः बसवायचा कंटाळा आला की कोणाच्या तरी पायावर डोकं ठेवायला ते मोकळे होतात. ओसरी दिली, त्याने हातपाय पसरले.

पुढचा इतिहास मुलांच्या पुस्तकात काय छापला असेल तो असो, शिवणखात्यात तो कोटावर दिसे. पहिला कोट साधा करड्या कापडाचा, दोन खिशांचा. पुढच्या वर्षी खांद्यात लोकरीची पट्टी आली. मग बाहीवर सोनेरी गोंडे आले. मग मानेला वळ्या पडल्या म्हणून कॉलर उंच झाली. मग पदकं आली, न झालेल्या लढायांची, आणि इतकी आली की त्यांच्या वजनाने छातीचं कापड लोंबू लागलं, म्हणून मास्टरबाईंनी आतून जाड कॅनव्हास घातला. देशात तेव्हा कापडाची टंचाई होती. भाजीवाल्यांनीसुद्धा पालकाच्या जुडीला पालक म्हणायचं सोडलं होतं. ‘हिरवी भाजी घ्या’ म्हणत. एकजण विसरला आणि ‘पालक शिळा आहे, स्वस्तात देतो’ म्हणाला. त्याची गाडी पुढे बरेच दिवस कोपऱ्यावर रिकामी उभी होती.

माप कळवायची रीत अशी होती. महालात एकट्या डॉक्टरला पालकाला हात लावायची मुभा होती. तो आंघोळीच्या वेळी रेशमी फीत अंगाभोवती गुंडाळी आणि बरोबर तेवढी कापून पाकिटातून खात्यात पाठवी. पोटाची लाल, छातीची निळी. मास्टरबाईंनी ती फीत नवऱ्याच्या अंगाला लावून बघायची. फितीची टोकं जुळली पाहिजेत. न जुळली तर दोष फितीचा नसे, पोटाचा असे, आणि होयबा एकच शब्द बोले: “जुळवा.”

पहिली बरीच वर्षं फीत वाढतच गेली. मापराव मुळात चिमणीएवढं खाणारे, पण सरकारातून लोणी यायचं, अंडी यायची, साखरेची पोती यायची, आणि समोर बसून ती संपवावी लागायची. बाहेर लोक पावासाठी रांगा लावत होते. मापराव रांगेजवळून गेले की बायका पदर तोंडाला लावत आणि पुरुष त्यांच्या पोटाला नमस्कार करत. पोट कोणाचं आहे ते सगळ्यांना माहीत होतं ना. मापरावांना त्या नमस्कारांची लाज वाटे. ते मास्टरबाईंना म्हणत, “अगं, हे माझं नाहीच. मी नुसतं सांभाळायला घेतलंय.” घरात एकुलता मुलगा होता. शाळेत त्याला मापाचा पोर म्हणून चिडवत. तो बापाच्या ताटासमोर कधी जेवायला बसला नाही. मोठा झाला, वायरमन झाला, तरी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्यानेच चार घास खाऊन जाई.

मग एका पाकिटातून आखूड फीत आली.

मास्टरबाईंनी ती दोनदा उलटीसुलटी करून बघितली. देशातल्या एकाही मंत्र्याला जे ठाऊक नव्हतं ते त्यांच्या हातात होतं. पुढची फीत आणखी आखूड आली, त्याच्या पुढची आणखी. महालाचे पडदे बंद झाले, डॉक्टरवर पहारा बसला, वर्तमानपत्रात पालकाचे जुने फोटो नव्या तारखेने छापले जाऊ लागले. आणि खात्यात होयबा म्हणाला, “जुळवा.”

लोणी थांबलं. भाकरी थांबली, भात थांबला. उकडलेल्या भाजीचं पाणी तेवढं चालू राहिलं. तिकडे पालकाला परदेशातून औषधं येत होती, उशाशी दोन डॉक्टर होते. इकडे धडधाकट माणूस हुकमाने वाळत होता. मास्टरबाई दिवसा खात्यात कोटाची शिवण उसवून आत घेत, घरी आल्या की नवऱ्यासमोर पाण्याची वाटी ठेवत, आणि त्यांच्या मनात एकच इच्छा उरली होती: हा माणूस एकदाचा त्या चौथऱ्यावरून खाली उतरावा आणि पुन्हा या घरातलं कोणी त्यावर चढू नये. देवाकडे मागावं असंही त्यांना वाटेना. देवाचे फोटोसुद्धा त्या दिवसांत पालकाच्या फोटोच्या खाली लावत.

आता बघा शहाण्यांची अक्कल. पडदे लावले, पहारे लावले, डॉक्टरचा टेलिफोन तोडला; पण देशातलं सगळ्यात मोठं गुपित रोज सकाळी पिशवी घेऊन दूध आणायला जात होतं, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. दूधवाल्याने पहिल्यांदा ओळखलं. मापरावांचे गाल बसलेले बघून त्याने कॅन खाली ठेवला आणि हलकेच विचारलं, “किती दिवसांचं आहे?” मापरावांनी पिशवीतलं भांडं पुढे केलं. पण आठवडाभरात गल्लीतली माणसं त्यांच्याकडे निराळ्या नजरेने बघायला लागली, आणि हळूहळू दुसऱ्या पेठांतले लोकही काहीतरी निमित्त काढून त्या गल्लीत चकरा मारू लागले. एक माणूस किती वाळला ते बघायला लोक सहकुटुंब येत.

होयबाच्या कानावर गेलं तेव्हा त्याला घाम फुटला. त्याने मास्टरबाईंना कापूस भरलेलं बंडी-पोट शिवायला लावलं. बाहेर पडताना मापरावांनी ते सदऱ्याच्या आत बांधायचं, म्हणजे लोकांना पूर्वीसारखं भरलेलं दिसेल. मास्टरबाईंनी आयुष्यात एकही काम वाईट केलं नव्हतं, आणि हेही त्यांनी वाईट केलं नाही. टाके बारीक घातले, पोटाला गोलाई अशी दिली की नाव ठेवायला जागा नाही. भर उन्हात मापराव ते पोट घेऊन पावाच्या रांगेशेजारून चालत गेले आणि कोपऱ्यावर कोसळले. माणसं धावली. कोणी पाणी आणलं, कोणी सदऱ्याची बटणं सोडली, कोणी घाईघाईत बंडीची नाडी ओढली, आणि सगळा कापूस रस्त्यावर आला.

मग रांगेतली एक म्हातारी हसली. तिच्यामागे सगळी रांग हसली. इतकी वर्षं ज्याला भिऊन लोक कुजबुजतही नव्हते तो आतून कापूस निघाला, म्हणजे हसायचं नाही तर काय. हसत हसत त्यांनी कापूस वाटून घेतला. संध्याकाळी तो शहरभर लोकांच्या छातीवर टाचलेला होता, आणि दुसऱ्या दिवशी महालाच्या फाटकावर कापसाचे बोळे पडू लागले. पहिले दोन दिवस शिपायांनी ते झाडले. तिसऱ्या दिवशी एका शिपायाने एक बोळा उचलून आपल्याच छातीला लावला. मास्टरबाईंचा मुलगा सगळ्यांत पुढे होता. विजेच्या खांबावर चढून त्याने पालकाचा फलक खाली ओढला म्हणे.

पालकाला विमानात घालून दुसऱ्या देशात नेलं, आणि तो तिथे मऊ गादीवर, नर्सच्या हातचं सूप पीत, सावकाश मेला. मापराव त्याच्या आधी गेले. मास्टरबाईंनी त्या पहिल्या मोकळ्या दिवसांत बटाटे उकडले, लोणी आणलं, घास भरवायचा प्रयत्न केला. पण मापरावांच्या पोटाने अन्न ठेवायचं बंद केलं होतं. शेवटी ते म्हणाले, “राहू दे. आता कोणाला जुळवायचंय?” मुलगा मिरवणुकीतून घरी आला तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. बापाची पावलं धरून तो रडला, आणि ते रडणं खरं होतं.

नवा माणूस आला, त्याने स्वतःला सेवक म्हणवून घेतलं. पालकाच्या तुरुंगात तो बरीच वर्षं होता. उंच, काटकुळा, गालाची हाडं वर आलेली. आवाज मात्र स्वच्छ. त्याचं म्हणणं असं, की शेवटचा भुकेला जेवेपर्यंत मी एकवेळच जेवेन. कापसाचा बोळा राष्ट्रीय खूण ठरला. तो कोणाच्या सदऱ्यातून सांडला होता, हे वर्षभरात कोणाला आठवेना. असे बोळे टाचणीवर बसवायचं काम शिवणखात्याकडेच आलं, आणि मास्टरबाईंनी ते पोत्यांनी केले. होयबाच्या छातीवर सगळ्यात मोठा बोळा होता. तो सांगे की पालकाच्या काळात तो आतून किती जळत होता. इतकं जळूनही त्याचं वजन कसं वाढलं, ते त्यालाच माहीत.

सेवक एकदा स्वतः खात्यात आला. मागे फोटोवाले होतेच. चौथऱ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, की याच लाकडावर एका श्रमिकाला उपाशी मारलं गेलं; यापुढे कोणी कोणाचं माप होणार नाही, माझं माप मी देईन. आणि तो खरोखरच चढून उभा राहिला. मास्टरबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा राज्यकर्त्याच्या अंगाला टेप लावला. बरगड्या मोजता आल्या असत्या. बगलेत टेप गेला तेव्हा तो गुदगुल्यांनी हसला, आणि मास्टरबाईंच्या मनात आलं, चला, माणूस तरी आहे. त्याने साधाच कोट मागितला. करडं कापड, दोन खिसे. हे कुठेतरी ऐकल्यासारखं त्यांना वाटलं, पण त्या बरगड्या त्यांनी स्वतःच्या बोटांनी चाचपल्या होत्या. मंत्र्यांच्या भाषणावर, रेडिओवर, वर्तमानपत्रावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. टेपवर होता. चौथरा जाळायला सांगून सेवक गेला. जुन्या कोटाचा कागदी फर्माही त्याच्याबरोबर जाळायचा ठरला. दोन्ही कामं होयबाने स्वतःकडे घेतली.

नव्याचे नऊ दिवस सरले. सेवकाच्या मोटारीवर कोणी म्हणे दगड मारला, कोणी म्हणे टोमॅटो. मग मोटारीला काळ्या काचा आल्या. मग त्याच्याभोवती कापूस लावलेल्या जवान पोरांचं पथक आलं, आणि वायरमनची नोकरी सोडून मास्टरबाईंचा मुलगा त्यात गेला. मग एक दिवस सुरक्षेचा अधिकारी खात्यात आला आणि फार खेदाने म्हणाला, की सेवकांची अजिबात इच्छा नाही, पण त्यांचा जीव आता त्यांचा एकट्याचा राहिलेला नाही, जनतेचा झाला आहे. तेव्हा सुई-टाचणीचा धोका पत्करता येणार नाही. होयबाने मागच्या खोलीतून चौथरा आणला. त्याला नवं पॉलिश केलेलं होतं.

घरी मुलगाच ती बातमी घेऊन आला. उंच, काटकुळा, डावा खांदा बापासारखा किंचित उतरलेला. तेवढा उतरलेला खांदा चालेल, असं सुरक्षेचे अधिकारी म्हणाले होते.

“मीच हात वर केला, आई,” तो म्हणाला. “एवढ्या पथकातून माझंच अंग जुळलं.”

मास्टरबाई पोळपाटासमोरून उठल्या नाहीत. “तुझ्या बाबांचंही जुळलं होतं.”

“ते पालकाचं माप होते. भीतीने उभे राहिले. मी मनाने उभा राहतोय. यात फरक आहे की नाही?”

“लाकूड तेच आहे.”

“तुला प्रत्येकात तोच दिसतो,” मुलगा म्हणाला, आणि मग समजूत घातल्यासारखं सांगू लागला, की आता जबरदस्ती नाही. कोणाला उपाशी ठेवायचं नाही, कोणाला फुगवायचं नाही. अंग जुळेनासं झालं तर त्या माणसाला मानाने घरी पाठवायचं आणि दुसरा घ्यायचा, असा नियमच केलाय सेवकांनी. त्याच्या डोळ्यांत इतकी चमक होती की मास्टरबाईंना त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्यांनी मारली नाही. तो नियम तेवढा लक्षात ठेवला.

त्या दिवसापासून त्यांनी मुलाला खायला घालायला सुरुवात केली. युक्ती साधी होती. सेवक एकवेळचा, बरगड्यांचा माणूस. त्या बरगड्या त्यांच्या बोटांना ठाऊक. मुलगा जाड झाला की अंग जुळणार नाही, आणि नव्या राज्याचा नवा नियम त्याला मानाने घरी पाठवील. राज्य उलथवणं त्यांच्या हातात नव्हतं, लोणी होतं. सकाळी दुधात अंडी, दुपारी डब्यात बटाटे, संध्याकाळी पावाला बोटभर जाड लोणी. पथकात दिवसभर उभं राहून मुलाला भूकही लागायची. लहानपणी बापाच्या ताटाकडे न बघणारा पोरगा आता मांडी घालून बसे आणि सेवकाच्या त्यागाच्या गोष्टी सांगत सांगत भरपेट जेवे. मास्टरबाई वाढत राहिल्या. त्याच्या मनगटावरचं घड्याळ घट्ट झालं तेव्हा त्यांना बरं वाटलं. पट्ट्याला नवं भोक पाडायला तो त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी ते गाणं गुणगुणत पाडलं. शेजारीण म्हणाली, पोरगं अंगाने भरलंय हो तुमचं. मास्टरबाई म्हणाल्या, दृष्ट लावू नका. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच एखाद्या सरकारला फसवत होत्या आणि त्यांना त्याची चटक लागली होती.

क्रांतीच्या वाढदिवसाचा कोट शिवायचा हुकूम आला. मुलगा चौथऱ्यावर चढला तेव्हा लाकूड करकरलं. होयबाने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, तोंड वाकडं केलं आणि पाकीट फोडून फीत मास्टरबाईंच्या हातात दिली. लाल, रेशमी. रंगही बदलायची तसदी कोणी घेतली नव्हती.

मास्टरबाईंनी फीत मुलाच्या पोटाभोवती नेली. टोकं जुळायला नको होती, मध्ये चांगलं वीतभर अंतर राहायला हवं होतं. त्या अंतराची त्यांनी किती दिवस वाट बघितली होती. टोकं जुळली. जुळून एकमेकांवर चढली. फीत पोटावरून घसरून खाली लोंबायला लागली. त्यांनी ती काढली, पाकिटावरची खूण बघितली, पुन्हा गुंडाळली. चार बोटं सैल.

एकवेळ जेवणारा, शेवटच्या भुकेल्याची वाट बघणारा, गुदगुल्यांनी हसणारा तो माणूस काळ्या काचांच्या मागे त्यांच्या मुलापेक्षा जास्त खात होता. एक आई जिवाच्या आकांताने खाऊ घालत होती तरी तिला त्याच्या खादाडपणाची बरोबरी करता आली नव्हती. सगळ्या देशाला मूर्ख म्हणणाऱ्या मास्टरबाईंनी सगळ्या देशासारखाच मूर्खपणा केला होता: माणूस बारीक आहे म्हणजे तो बारीकच राहील, असं त्या धरून चालल्या होत्या. स्वतःच्या बोटांवर एवढा विश्वास ठेवल्याबद्दल त्यांना स्वतःची किळस आली.

होयबाचा चेहरा मात्र उजळला. “काय नजर आहे मास्टरबाई तुमची,” तो म्हणाला. “मला वाटलं पोरगा हातचा गेला. तुम्ही आधीच तयारी करून ठेवलीत. थोडंच राहिलंय, आठवडाभरात भरून काढाल.” मग त्याने कपाटावरून एक गुंडाळी खाली काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि टेबलावर पसरली. पालकाच्या कोटाचा फर्मा होता. खांद्याची पट्टी, उंच कॉलर, सगळं जागच्या जागी. जाळायचं म्हणून नेला होता खरा, पण कागद चांगला होता, असं तो म्हणाला.

मुलाने चौथऱ्यावरून वाकून फर्मा बघितला. आपल्या बापाचं पोट त्याने कागदावर ओळखलं की नाही कोण जाणे. त्याने एवढंच विचारलं, की वाढदिवसापर्यंत होईल ना.

घरी आल्यावर तो नेहमीसारखा मांडी घालून बसला. पथकाच्या अधिकाऱ्याने त्याची पाठ थोपटली होती, त्याबद्दल बोलत होता. समोरचं संपवलं आणि ताट पुढे केलं. भूक संपली होती हे त्याच्या श्वासावरून कळत होतं. तरीही ताट पुढे केलं होतं.

“वाढ ना, आई. चार बोटं कमी पडतात म्हणाले साहेब.”

मास्टरबाईंनी पळी खाली ठेवली. “तुझ्या बाबांना कमी करताना माझा हात चालला,” त्या म्हणाल्या. “तुला त्यातून सोडवायचं म्हणून मी इतके दिवस लोणी चारत होते. मला वाटलं, तो उपाशी राहील. आता तुला त्याच्यासाठी खायचं असेल तर आपल्या हाताने घे.”

मुलाला सगळं समजलं होतं. तो काही मठ्ठ नव्हता. बाप ज्या ताटासमोर मान खाली घालून बसायचा तेच ताट होतं, आणि ते बाजूला सारायला त्याला कोणी अडवत नव्हतं, नियमच तसा होता.

त्याने पातेलं पुढे ओढलं आणि आपल्या हाताने वाढून घेतलं.